ताई नाही म्हणतात

त्या शहरात ताईंच्या नावाने खडे फोडणारी माणसं गल्लोगल्ली होती. ताई पाहुण्याला दारात उभं करत नाहीत. ताई सख्ख्या मित्रांची ताटातूट करतात. एका म्हातारीच्या वाढदिवसाला तिच्या जुन्या मैत्रिणी आल्या, तर ताईंनी त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. ताईंना कुत्री खपत नाहीत, गाणी खपत नाहीत, आणि दिवेलागणीनंतर कुणी कुणाकडे गप्पा मारत बसलेलं तर मुळीच खपत नाही. पुलाखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, स्टेशनच्या मागच्या भिंतीशी, जिथे जिथे माणसं पुठ्ठे अंथरून झोपत, तिथे तिथे ताईंची ही कीर्ती पोचली होती.

आता खरं सांगायचं, तर यातलं एकही पुण्यकर्म ताईंनी केलेलं नव्हतं. त्या म्हातारीचा वाढदिवस कधी असतो हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. पण कुणी तोंडावर विचारलं तरी त्या खुलासा करत नसत. कारण ही सगळी बदनामी त्यांनी स्वतःच, चांगल्या शुद्धीत असताना, गावभर पसरवली होती.

ताई म्हणजे पन्नाशीला टेकलेली, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेली, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी बाई. टेबलावरच्या पाटीवर ‘समन्वयक’ असं लिहिलेलं होतं. वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसांना कायमचं छप्पर मिळावं, म्हणून शहरातल्या सगळ्या कचेऱ्यांची मोट बांधायची, हे त्यांचं काम. ऐकायला बरं वाटतं. पण इस्पितळवाले म्हणत, पेशंट बरा झाला, आता तो आमचा नाही. पोलीस म्हणत, त्याने गुन्हा केलेला नाही, मग आमचाही नाही. खोल्या देणारं घरखातं म्हणे, आधी त्याचा आजार बघा, मग खोली. आणि इस्पितळ म्हणे, आधी खोली बघा, मग आजार. या सगळ्यांना दर मंगळवारी एका टेबलाभोवती बसवायचं, चहा पाजायचा, आणि एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्यांची बोटं हळूच खाली घ्यायची. वर्षानुवर्षं ताई हेच करत आल्या होत्या. एक माणूस खोलीत गेला की पुलाखाली नवा चेहरा दिसायचा. कंटाळा आला तर माणूस सुट्टी काढतो. ताईंचा थकवा सुट्टीतही सोबत यायचा आणि सोबत परत यायचा.

बदनामीची सुरुवात झाली ती भंगार वेचणाऱ्या एका बाईपासून. ताईंनी जिवाचं रान करून तिला खोली मिळवून दिली होती. महिना व्हायच्या आत त्या खोलीत फुटपाथवरची निम्मी गल्ली झोपायला लागली. रोज आरडाओरडा, रोज भांडणं. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि घरखात्याने बाईचं सामान बाहेर काढलं.

“अहो, त्यांना ‘नाही’ का म्हणाला नाहीत?” ताई कळवळून म्हणाल्या.

“कुठल्या तोंडाने म्हणू, ताई?” ती म्हणाली. “इतकी वर्षं हीच माणसं आळीपाळीने जागी राहिली, म्हणून मी डोळा मिटू शकले. आता मला दार मिळालं म्हणून त्यांच्याच तोंडावर लावू?”

ती पुन्हा तिच्या पायरीवर गेली आणि त्याच थंडीत गेली. ताई त्या आठवड्यात घरी कुणाशी धड बोलल्या नाहीत. अशाच एका संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या, आणि बाहेर त्यांची लेक फोनवर कुणाला तरी सांगत होती, “अगं, मला तर खूप यायचं होतं गं, पण आई नाही म्हणते ना. तुला माहितेय ती कशी आहे.”

ताई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. “मी कधी नाही म्हटलं?”

“कधीच नाही,” लेक शांतपणे म्हणाली. “मलाच जायचं नाहीये. त्या मुली मला आवडत नाहीत. पण तसं तोंडावर सांगितलं तर उद्यापासून शाळेत माझ्याशी कोण बोलणार? तुझं नाव घेतलं की विषय संपतो. तुला काय फरक पडतो?”

 ताईंच्या हाताचं पाणी फरशीवर टपटपत होतं. मग त्यांनी लेकीला अशी कडकडून मिठी मारली, की ती बिचारी घाबरली.

त्यानंतर ज्याला ज्याला खोली मिळाली, त्याला किल्लीबरोबर ताईंनी आपलं नावही दिलं. “हे बघा, नियम कसलाही नाही. खोली तुमची, दार तुमचं. हवं त्याला बोलवा. पण कुणाला नाही म्हणायचं असेल आणि जीभ वळत नसेल, तर खुशाल माझं नाव घ्या. ताई नाही म्हणतात म्हणा. शिव्या मला पडू देत.”

आणि शिव्या पडल्या. अगदी लाखोलीने पडल्या. पण खोल्या टिकायला लागल्या. मंगळवारच्या बैठकीत घरखात्याचे साहेब, ज्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकायचा म्हणून सगळे त्यांना ‘किल्लेदार’ म्हणत, ते एकदा भुवया उंचावून म्हणाले, “ताई, हल्ली तुमची माणसं शहाणी झाली म्हणायची.” ताईंनी हसून मान डोलावली. रस्त्यावरून जाताना कुणी पाठीमागे थुंकलं, तर त्या मनाशी म्हणत, चला, आणखी एकाची खोली टिकली. नवरा एकदा म्हणालाही, “तुला वाईट नाही वाटत?” तो फ्रीज दुरुस्त करायचा आणि सगळ्या गोष्टी दुरुस्त होतात अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

“वाटतं की,” ताई म्हणाल्या. “पण वाईट वाटून कुठं खोल्या टिकतात?”

ताईंना स्वतःला मात्र नाही म्हणायला कुणाचंच नाव नव्हतं. फोन वाजला की त्या उचलत.

आता कंडक्टरची गोष्ट. हा माणूस एके काळी खरोखरच बसवर कंडक्टर होता. नोकरी गेली, मग बायको गेली, मग घर गेलं. याच क्रमाने की उलट, हे तो दर वेळी वेगळं सांगायचा. बंद पडलेल्या एका सिनेमागृहाच्या छपराखाली त्याचा मुक्काम होता. समोरून माणसांचा लोंढा निघाला, की हा बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात ओरडायचा, “पुढे चला, पुढे चला, दारात गर्दी नको!” आणि गंमत म्हणजे माणसं खरंच जरा भराभर चालायला लागायची.

ताईंनी त्याला किती खोल्या दाखवल्या असतील! एक फार उंचावर होती. एकीला रस्त्याकडे खिडकी नव्हती. एकीच्या भिंती म्हणे रात्री जवळ येत होत्या. ताईंनी कधी आग्रह केला नाही. त्या नुसत्या जात राहिल्या. पण या वेळी तो इस्पितळात जाऊन आला होता, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “छातीत फार थोडं शिल्लक आहे. आत राहिला, ऊब मिळाली, औषध वेळेवर घेतलं, तर काही वर्षं काढेल. पण ही थंडी बाहेर काढली, तर पुढची त्याला दिसणार नाही.”

आणि नेमकी तेव्हाच एक खोली रिकामी झाली. तिच्यातले आजोबा गेले होते. स्वतःच्या बिछान्यात, स्वतःच्या उशीवर डोकं ठेवून, झोपेत गेले होते, आणि ताईंच्या कामात हे फार मोठं यश धरतात. तळमजल्याची खोली, जिना नाही, आणि खिडकी थेट बसथांब्यावर उघडणारी. ताई त्या खिडकीत उभ्या राहिल्या, समोर बस येऊन थांबली, माणसं दारात रेटारेटी करू लागली, आणि ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. यापेक्षा कंडक्टरच्या मापाची खोली देवाला सांगूनही मिळाली नसती.

“पुढच्या मंगळवारपर्यंत धरून ठेवतो,” किल्लेदार म्हणाले. “मग मात्र दुसऱ्याला. मला वरच्यांना तोंड द्यावं लागतं, ताई.”

ताई लगोलग सिनेमागृहापाशी गेल्या. कंडक्टर भिंतीला टेकून बसला होता. श्वास घेताना त्याच्या छातीत जुन्या बिजागरीसारखा आवाज येत होता. ताईंनी खोलीचं वर्णन केलं. खिडकी सांगितली. बसथांबा सांगितला. त्याचे डोळे क्षणभर लकाकले, आणि ताईंना वाटलं, जमलं. मग त्याने विचारलं, “कुठली इमारत?”

ताईंनी इमारत सांगितली.

“नको,” तो म्हणाला.

“का, काका?”

“तिथे वस्तरा राहतो.”

वस्तरा म्हणजे कंडक्टरचा जिवलग. पूर्वी फुटपाथवर बसून लोकांच्या दाढ्या करायचा. नाव कंडक्टरनेच ठेवलेलं. स्वभावाने म्हणाल तर लोण्याहून मऊ. दोघांनी छपराखाली अनेक वर्षं काढली होती. दोन वर्षांमागे ताईंनी वस्तऱ्याला त्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली दिली. आता तो एका सलूनमध्ये कामाला होता.

“मग उलट बरंच की,” ताई म्हणाल्या. “तुमचा दोस्त तिथे आहे.”

“दोस्त आहे हो. तुम्ही भेटू कुठे देता?” कंडक्टर ताडकन म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. “मी गेलो होतो, ताई. एकदा नाही, चारदा. इतक्या पायऱ्या चढून गेलो. प्रत्येक वेळी बिचारा दारातच उभा. तोंड एवढंसं झालेलं. म्हणतो, कंडक्टर, मला फार वाटतं रे, पण काय करू, ताई नाही म्हणतात. अहो, ज्या घरात मित्राला पाणी विचारायची चोरी, ते घर कसलं? ते तुरुंगच झालं. मी नाही यायचा तुमच्या तुरुंगात. इथे मरेन, पण येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत मरेन.”

ताईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. अहो काका, मी कधीच ‘नाही’ म्हटलेलं नाही. नियम नाहीच मुळी. तुमच्या मित्रालाच तुम्ही नको आहात. एवढं एक वाक्य बोललं असतं, की खोलीवरचा आक्षेप तिथल्या तिथे मिटला असता. त्यांनी कंडक्टरच्या तोंडाकडे पाहिलं. या माणसाकडे आता फार काही उरलेलं नव्हतं. नोकरी नाही, घर नाही, छाती नाही. एक दोस्त होता. त्यांनी ते वाक्य गिळलं आणि उठल्या. उठताना गुडघा कटकन वाजला.

सलूनमध्ये वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या कानामागचे केस नीट करत होता. आरशात ताई दिसल्या तसा त्याचा हात थांबला. गिऱ्हाईक गेल्यावर ताई त्याच खुर्चीत धपकन बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच पाठ टेकली होती. “दादा, कंडक्टर मरायला टेकलाय,” त्या आरशातूनच म्हणाल्या, “आणि तो तुमच्या इमारतीत यायला तयार नाही. माझ्यामुळे.”

वस्तऱ्याला सगळं एकदम कळलं. तो स्टुलावर बसला.

“ताई, त्याला सांगू नका,” तो म्हणाला.

“मग तुम्ही सांगा.”

“काय सांगू? तो दारात आला की खिशात बाटली असतेच. नुसता वास आला तरी माझ्या घशाला कोरड पडते. त्याने ओतलं आणि मी नको म्हटलं, असं आजवर एकदाही झालेलं नाही. आणि एक घोट पोटात गेला, की दुसऱ्या दिवशी हात असा होतो.” त्याने हात पुढे धरून थरथरवून दाखवला. “या हातात कोण गळा देईल, ताई?”

“तर तसंच सांगा त्याला. तो काय शत्रू आहे तुमचा?”

“शत्रू असता तर कधीच सांगितलं असतं,” वस्तरा म्हणाला. “एका थंडीत मी तापाने फणफणलो होतो. त्याने स्वतःचं पांघरूण मला घातलं. आणि स्वतः रात्र रात्र नुसत्या सदऱ्यावर बसून राहिला, पुढे चला, पुढे चला करत, म्हणजे झोप लागायला नको. त्याची छाती तिथूनच गेली. माझ्यापायी गेली. आणि मी त्याला सांगू, की तू येत जाऊ नकोस, तुझा मला त्रास होतो?”

सलूनचा मालक हातात फडकं घेऊन उगाचच एक कपाट पुसत होता.

“तुम्हीच म्हणाला होतात ना,” वस्तरा खाली बघत म्हणाला, “जीभ वळली नाही तर माझं नाव घ्या.”

“म्हणाले होते,” ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी त्या जेवायच्या टेबलावर डोकं टेकून बसल्या. स्वतःच्या युक्तीचा त्यांना फार अभिमान होता, खोटं कशाला बोला. कुठल्याही साहेबाला सुचली नसती अशी ती युक्ती होती. आणि आता तिनेच एका माणसाला थंडीत बाहेर बसवून ठेवलं होतं. खरं बोलावं, तर दोस्ती तुटते. गप्प बसावं, तर माणूस जातो. नियम काढून टाकला म्हणावं, तर वस्तऱ्याच्या हातातली ढाल जाते. आणि रस्त्यावर बातमी पसरली, तर शहरातल्या आणखी कितीतरी दारांना धक्का बसतो.

“तू एखादा दिवस झोप तरी,” नवरा म्हणाला.

“मंगळवारनंतर,” ताई म्हणाल्या. नवऱ्याने हे वाक्य इतके मंगळवार ऐकलं होतं, की तो पुढे काही बोलला नाही. त्याने नुसतं त्यांचं ताट पुन्हा गरम केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई पुन्हा सिनेमागृहापाशी गेल्या. कंडक्टरला बोलताना मधे मधे थांबावं लागत होतं.

“काका,” ताई म्हणाल्या, “माझं चुकलं. वस्तऱ्याची काही चूक नाही. नाही मीच म्हटलं होतं. तुम्ही त्याच्याकडे गेलात तर दोघंही बिघडाल असं वाटलं मला. तसं म्हणायला नको होतं.”

कंडक्टरने डोळे बारीक केले. इतक्या वर्षांत कुठल्याही कचेरीतलं माणूस त्याच्यापुढे चुकलं म्हणालं नव्हतं, आणि त्याला ही चव घोळवून घोळवून घ्यायची होती.

“ऐकू नाही आलं,” तो म्हणाला.

“माझं चुकलं.”

“गाडीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, ताई.”

ताईंनी इकडे तिकडे पाहिलं. ऑफिसं सुटायची वेळ नव्हती, पण रस्ता काही रिकामा नव्हता. त्यांनी पर्स छातीशी धरली आणि भर रस्त्यात ओरडून सांगितलं, “माझं चुकलं!” दोन-चार माणसं थबकली. एक बाई घाबरून पलीकडच्या फुटपाथवर गेली.

“पुढे चला, पुढे चला,” कंडक्टर त्यांना म्हणाला, “आमचं आपसातलं आहे.” मग तो ताईंकडे वळला. “म्हणजे नियम गेला?”

“सगळ्यांसाठी नाही. तुमच्या दोघांपुरता गेला. पण हे कुणाला सांगायचं नाही.”

“म्हणजे पास.”

“हो. पास समजा.”

“आयुष्यभर फुकट्या पासवाल्यांनी माझं डोकं खाल्लं,” कंडक्टर म्हणाला, “आणि आता मीच.” तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता त्याने ताईंपुढे हात केला. ताईंनी त्याला धरून उभं केलं. तो वजनाला काहीच नव्हता.

किल्लेदारांनी मंगळवारच्या आधीच किल्ली दिली. वस्तऱ्याला ताईंनी जिन्यातच गाठून सांगितलं, “मी नियम काढून घेतलाय. तुमच्या दोघांपुरता. आता माझं नाव चालणार नाही, दादा. वेळ आली तर तुमचं तुम्हालाच नाही म्हणावं लागेल.” वस्तऱ्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “बघतो.” ताईंना तो ‘बघतो’ अजिबात आवडला नाही.

खोली द्यायला दारू सोडायची अट नव्हती. आधी छप्पर, बाकी सगळं मग, यासाठी ताई मंगळवारच्या टेबलावर वर्षानुवर्षं भांडल्या होत्या. त्यामुळे कंडक्टरच्या कपाटात बाटली येणार, हे त्यांना ठाऊक होतं. पहिले काही दिवस त्याच्यात तेवढी ताकदच नव्हती. पहिल्या संध्याकाळी वस्तरा आपली पेटी घेऊन खाली आला, त्याने कंडक्टरला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल बांधला, आणि त्याची कित्येक महिन्यांची दाढी उतरवली. ताई दाराशी उभ्या होत्या. कंडक्टर एका हातात आरसा धरून बसला होता, पण तो स्वतःच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो वस्तऱ्याच्या हाताकडे बघत होता.

वस्तरा गेल्यावर त्याने गालावरून बोटं फिरवली. “एक रेघ नाही,” तो म्हणाला. “पूर्वी माझी दाढी करायचा, तेव्हा माझा गाल म्हणजे शहराचा नकाशा असायचा. बघितलंत, ताई? हात हलला नाही त्याचा.”

“बघितलं,” ताई म्हणाल्या.

“कधीपासून सोडली त्याने?”

“ते त्यालाच विचारा.”

कंडक्टरने विचारलं की नाही, ते ताईंना कळलं नाही. तो बराच वेळ खिडकीतून बसथांब्याकडे बघत राहिला. एक बस आली, माणसं दारात दाटली, आणि पहिल्यांदाच तो ओरडला नाही.

पुढचे काही आठवडे वस्तरा रोज संध्याकाळी खाली जायचा. दाढीला रोज कशाला हात लावायचा, हा प्रश्न वेगळा. गेलेल्या दोन वर्षांची भरपाई चालली असावी. कंडक्टरच्या गालांवर रंग आला, आवाज परत आला, थांब्यावरची माणसं पुन्हा पुढे सरकायला लागली. ताईंना आनंद व्हायला हवा होता. पण कंडक्टर बरा होतोय, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायला लागेल, हे त्यांना दिसत होतं. रोज संध्याकाळ झाली, की त्यांचं लक्ष घड्याळाकडे जायचं. आज गेला असेल. आज आणली असेल. आज वस्तरा पेटी घेऊन खाली येईल, समोर ग्लास येईल, आणि एका खोलीच्या नादात मी दोन माणसं घालवीन.

एका संध्याकाळी त्या इमारतीतल्या एका आजारी बाईला बघायला वर गेल्या होत्या. खाली उतरताना शेवटच्या वळणावर गुडघ्याने साफ नकार दिला. ताई पायरीवरच बसल्या. तिथून तळमजल्याचं दार दिसत होतं, पण त्या अंधारात असल्यामुळे खालून कुणाला दिसत नव्हत्या. तेवढ्यात इमारतीच्या पलीकडच्या जिन्याने वस्तरा पेटी घेऊन खाली उतरला आणि त्याने कंडक्टरचं दार वाजवलं.

आत काहीतरी काचेवर काच लागल्यासारखं किणकिणलं. ताईंनी डोळे मिटले. झालं, त्या मनाशी म्हणाल्या. उठून मधे पडावं, असं त्यांना वाटलं, पण पाय उठेनात. आणि मधे पडून सांगणार तरी काय होत्या?

दार उघडलं. पुरतं नव्हे, वीतभर. फटीत कंडक्टरचं तोंड दिसलं. एक हात दारावर होता, दुसरा पाठीमागे.

“चल,” वस्तरा म्हणाला, “पाणी गरम आहे ना?”

“आज नको,” कंडक्टर म्हणाला.

“का रे? बरं नाही का?”

“बरा आहे.”

“मग उघड की. बसतो जरा.”

कंडक्टर थांबला. जिन्यातल्या ताईंना त्याच्या छातीतली बिजागरी स्पष्ट ऐकू येत होती.

“बसता नाही येणार,” तो म्हणाला. “ताई नाही म्हणतात.”

“काय? अरे, आपला तर पास...”

“रद्द केला. सकाळी येऊन सांगून गेल्या. मी भांडलो, पण ती बाई कुणाचं ऐकते का? तू जा वर. उद्या ये. उद्या चालेल म्हणाल्यात.” आणि मग वस्तरा हलत नाही असं पाहून त्याने आपला तो खणखणीत आवाज काढला, “पुढे चला, पुढे चला, दारात गर्दी नको!”

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. या खोलीत कंडक्टरने पहिल्यांदाच घातलेली ती कडी होती; आजवर तो दार सताड उघडं टाकून झोपायचा.

वस्तऱ्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली. मग तो वळला, या बाजूच्या जिन्याने वर चढू लागला, आणि वळणावर पायरीवर बसलेल्या ताईंवर जवळजवळ आदळला. दोघंही दचकले. ताईंनी घाईघाईने चष्म्याखालून बोटं फिरवली. वस्तऱ्याचेही डोळे भरलेले होते. दाराच्या फटीतून वास त्यालाही आला होता, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

“ताई,” त्याने हळूच विचारलं, “पास खरंच रद्द केलात?”

ताईंचे पाय दुखत होते, पाठ दुखत होती, आणि उद्या मंगळवार होता.

“आजच्यापुरता,” त्या म्हणाल्या. “हो, मीच नाही म्हटलं.”

आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून त्या भिंतीकडे सरकल्या.